बैलाचे दात मोजणारे आपण फ्लॅटचा कागद का वाचत नाही?



आज थोडे कडू लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा विषय आता एका घराचा राहिलेला नाही. खजुरी-आळंदपासून पलीकडे भालकी-बसवकल्याणपर्यंत ज्या मराठी घरांची मुळे पिढ्यान् पिढ्या या मातीत आहेत, त्या घरांची राने तुकड्या-तुकड्याने विकली जात आहेत. दुष्काळाने नाही, सावकाराच्या तगाद्याने नाही. फ्लॅटसाठी! फ्लॅट घेऊ नका असे मी म्हणत नाही. पोरे पुण्यात, सोलापुरात, कलबुर्गीत, हैदराबादेत नोकरीला आहेत, त्यांनी जन्मभर भाड्याच्या खोलीत राहावे असे कोणता बाप म्हणेल? माझा राग घेण्यावर नाही, घेण्याच्या पद्धतीवर आहे.

बाजारात बैल घ्यायला गेलो की आपण काय करतो? दात मोजतो, खूर बघतो, दहा पावले चालवून बघतो आणि ज्याच्या गोठ्यातला आहे त्याच्या शेजाऱ्याला हळूच गाठून ‘मारका तर नाही ना?’ म्हणून विचारतो. रान घ्यायचे तर चारी बांध फिरतो, विहिरीला वैशाखात किती पाणी राहते ते विचारतो, गाडीवाट कुणाच्या रानातून जाते ते बघतो. सोयरीक जमवायची तर दोन-तीन गावांत चौकशी करतो. आणि हाच शहाणा माणूस आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार कसा करतो? रविवारी बिल्डरने पाठवलेल्या गाडीत बसून जातो, सॅम्पल फ्लॅट बघतो, थंड सरबत पितो, ‘आज बुकिंग केले तर दोन लाख कमी’ हे ऐकतो आणि चेक फाडून देतो. बैलाला अर्धा दिवस, फ्लॅटला पंधरा मिनिटे!

घाई कोण लावतो?

ही घाई बिल्डर लावतो असे आपण म्हणतो. खरे सांगायचे तर ती आपणच लावतो. मुलगी दाखवायला गेलेल्या घरात पहिला प्रश्न काय असतो? ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का?’ मुलगा निर्व्यसनी आहे का, आईबापाला बघतो का, हे नंतर. आधी फ्लॅट! ज्यांना स्वतःच्या लेकीसाठी फ्लॅटवाला जावई पाहिजे, त्यांच्याच मुलाला दुसऱ्या घरी तोच प्रश्न विचारला जातो, आणि मग दोन्ही घरांतली राने विकायला निघतात. हुंड्याविरुद्ध आपण भाषणे केली, ठराव केले. फ्लॅट हा नवीन हुंडाच आहे. फरक एवढाच की तो व्याह्याच्या घरात न जाता बिल्डरच्या आणि बँकेच्या घरात जातो.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. धाकट्या भावाचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. दोन वर्षे स्थळे आली नि गेली. शेवटी भावाने तुरीचे दोन एकर रान काढले. रान वडिलार्जित, म्हणून बहिणींच्या सह्या लागल्या. आमच्या अक्काने हक्कसोड करून दिली, एक पैसा घेतला नाही. ‘पोराचे घर होते आहे, मी काय आडवी येऊ?’ एवढेच बोलली. २००५ च्या कायद्याने लेकीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तो हक्क आपल्या बहिणी भावाच्या पोराच्या फ्लॅटसाठी अशा हसत सोडून देतात, हे आपण विसरतो.

फ्लॅट घेतला तो शहराच्या पार कडेला. बिल्डरचे नाव लिहीत नाही. त्याचे नाव लिहून उपयोग नाही, चूक आमची होती. सगळे ‘णार’ होते. रस्ता होणार, महापालिकेचे पाणी येणार, समोर बाग होणार, मेट्रो येणार. ‘णार’ची किंमत आम्ही आजच्या पैशात मोजली. ताबा मिळाल्यावर कळले की भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते मिळालेलेच नाही. पाणी टँकरचे, त्याचे पैसे वेगळे. उन्हाळ्यात टँकरवाल्याचा भाव चढतो आणि सोसायटीच्या बैठकीत भांडणे होतात. भावजय आठव्या मजल्यावर राहायला गेली, लिफ्ट बंद पडली की दोन-दोन दिवस खाली उतरत नसे. सहा महिन्यांत दोघे नवरा-बायको खजुरीला परत आले. रान गेले, नि पोरगा दरमहा हप्ता भरतो आहे. पुतण्या मला फोनवर म्हणाला, ‘आप्पा, घेताना तुम्ही कुणी एक प्रश्न तरी विचारायचा होता.’ त्याला काय उत्तर देऊ? आम्ही विचारला होता. आम्ही विचारले होते, ‘सोसायटीत आपले लोक किती?’

मराठी फक्त दलाल बोलतो

आपल्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडून बघा. आजोबांच्या काळातला कागद उर्दूत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरचा कागद कन्नडात. आणि आता पोराच्या पुण्यातल्या फ्लॅटचा करार इंग्रजीत, ऐंशी-शंभर पानांचा. तीन पिढ्या, तीन भाषा, आणि तिन्ही वेळा आपण न वाचता सही केली. या सगळ्या व्यवहारात मराठी कोण बोलतो? फक्त दलाल! तो गोड मराठीत बोलतो, ‘काका, आपल्याच भागातले तुम्ही, तुम्हाला फसवीन का?’ म्हणतो, आणि आपण विरघळतो. भाषेवर आपले एवढे प्रेम, की मराठीत सांगितलेली थापही आपल्याला खरी वाटते.

सरकारकडे आपले मागणे आहे आणि राहील. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती जिथे पुरेशी आहे तिथे महत्त्वाच्या सूचना नि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत, हे केंद्राने १९५६ पासून मान्य केलेले आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे. नाडकचेरीत मराठी अर्ज दिला तर तोंड वाकडे होते, हे आपण जाणतो, आणि त्याविरुद्ध बोलतच राहू. पण मला सांगा, कागद वाचून घेण्यापासून आपल्याला कुणी अडवले? आपली पोरे कन्नड शाळेत शिकली, फडाफडा वाचतात. शेजारचा कन्नड मास्तर हाक मारली तर येऊन बसतो. पुण्यात इंग्रजी करार मराठीत समजावून सांगणारा वकील काही हजारांत मिळतो. पन्नास लाखांच्या व्यवहारात आपण ते काही हजार वाचवतो! याला काटकसर म्हणतात का?

‘बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद चांगलेच असणार’

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले आहे. ज्यांना ते पटते त्यांनी डोंबिवलीला जाऊन यावे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत बिल्डरांनी महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच खोट्या तयार केल्या, त्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांकही मिळवले आणि ६५ इमारती उभ्या केल्या. लोकांनी महारेराचा क्रमांक बघितला, कर्जे मिळाली, घरे घेतली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबांच्या डोक्यावर ती टांगती तलवार आली, त्यांत बहुतेक नोकरदार मराठी माणसे. हप्ता मात्र चालूच! ज्या घरावर कधी हातोडा पडेल याचा नेम नाही, त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून वजा होतो.

नालासोपाऱ्याला त्याच महिन्यात ४१ इमारतींवर हातोडा पडायला सुरुवात झाली. विकास आराखड्यात ती जागा कचरा डेपो आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे तिथे राहत होती, वर्षानुवर्षे घरपट्टी नि वीजबिल भरत होती. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे, हे त्यांना बुलडोझर आल्यावर कळले. आणि ही फक्त गरिबांची गोष्ट आहे असे समजू नका. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत सुखवस्तू लोक राहत होते. परवानगीपेक्षा जास्त मजले १९८० च्या दशकात चढवले गेले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. घरे घेऊन पंचवीस-तीस वर्षे झाल्यावर लोक रस्त्यावर बसले.

बँक तिच्या पैशाची काळजी करते, तुमच्या घराची नाही. बँकेकडे तुमच्या पगाराची हमी आहे, जामीनदार आहे. तुमच्याकडे काय आहे? म्हणून महारेराचा क्रमांक बघा, पण तिथे थांबू नका. परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या बांधकाम विभागात जा आणि ‘ही तुम्हीच दिली आहे का?’ असे विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांत अर्ज होतो.

कायदा आपल्या बाजूने काय देतो तेही ठाऊक असावे. २०१६ चा रेरा कायदा दोन्ही राज्यांत लागू आहे. त्याप्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. तुमच्या पैशातला ७० टक्के हिस्सा त्याने वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामावर खर्चायचा असतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मोठा दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. ठरलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. पण ध्यानात ठेवा, जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठच असतील, तर त्या इमारतीला रेराची नोंदणी लागत नाही. कलबुर्गी-सोलापूरसारख्या शहरात अशा लहान इमारती गल्लोगल्ली आहेत. तिथे तुमचा वाली तुम्हीच. कर्नाटकात घेताना खाते उतारा आणि बोजाचा दाखला काढा. जमीन बिगरशेती झाली आहे का, ले-आऊट मंजूर आहे का, हे आधी बघा. पूर्वीपासूनच्या अनेक वस्त्या नुसत्या पहाणीवर आणि नोटरीच्या कागदावर उभ्या आहेत. नोटरीचा शिक्का मालकी देत नाही!

शेजार म्हणजे जात नव्हे

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो आम्ही विचारला होता. ‘सोसायटीत आपले लोक किती?’ बहुतेक घरे शेजाराची चौकशी म्हणून एवढेच विचारतात. आपले लोक म्हणजे आपल्या जातीचे, आपल्या पट्ट्याचे. २०२३ साली मुंबईत मुलुंडला एका मराठी बाईला ‘मराठी माणसाला जागा देत नाही’ असे ऐकवले गेले, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवे होते. पण आपण सोसायटी निवडताना वेगळे काय करतो? आडनावांची पाटी वाचतो आणि समाधान मानतो. डोंबिवलीच्या त्या इमारतींत पाट्यांवर मराठीच आडनावे होती. वाचवले का कुणी?

शेजार बघायचा तो असा. एकाच जागी तीन वेळा जा. एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला, म्हणजे पोराला कामावर पोचायला किती वेळ लागतो ते कळेल. एकदा रात्री दहाला, म्हणजे दिवे किती, दारूची दुकाने किती, सुनेला बसथांब्यापासून चालत येता येईल की नाही ते दिसेल. आणि एकदा जुलैच्या धो-धो पावसात. २०२४ च्या २५ जुलैला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत खडकवासल्याचे पाणी घुसले, माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. पाटबंधारे खात्याची पूररेषा असते, निळी आणि लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे विचारायला लाज कसली? ओढा बुजवून त्यावर पार्किंग केले असेल तर पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. रान कसणाऱ्याला हे सांगायला हवे का?

बिल्डरच्या माणसाला काही विचारू नका. वॉचमनला विचारा, पाणी किती वेळ येते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, टँकर कुणाचा येतो. त्याच बिल्डरने पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत जाऊन गच्चीखालच्या मजल्याचे छत बघा, गळती तिथे दिसते. सोसायटी स्थापन झाली का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, हे विचारा. महाराष्ट्रात बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण तोही आपण होऊन चालावा लागतो. दरमहा देखभालीचे किती, वर्षानुवर्षे न भरणारे किती, हे सोसायटीच्या सचिवाला विचारा. जवळ सरकारी दवाखाना कुठे, पोरांची शाळा कुठे, म्हाताऱ्या माणसाला सकाळी टेकायला एखादा कट्टा आहे का, हेही बघा. खजुरीत दाराबाहेर आले की चार माणसे भेटतात. तिथे दाराबाहेर लिफ्टचे बटण भेटते.

आणि बांधकाम! १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट आपल्यातल्या चाळिशीपुढच्या कुणी विसरले असेल असे वाटत नाही. किल्लारी आपल्यापासून फार लांब नाही. उमरगा, लोहारा भागात आपले सोयरे होते. दगडमातीच्या भिंतींनी हजारो माणसे गाडली आणि तेव्हापासून आपल्या मनात बसले की सिमेंटचे ते सुरक्षित. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चिंचोळी तालुक्यात गडिकेश्वरला धक्के बसले तेव्हा लोक पुन्हा रात्री अंगणात झोपले. पण सिमेंट नुसते असून चालत नाही. महाडला २०२० च्या ऑगस्टमध्ये दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत भूकंप नसताना कोसळली आणि सोळा माणसे गेली. इमारतीचा आराखडा कोणत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने केला, त्याची सही नि दाखला कुठे आहे, हे विचारणारा गिऱ्हाईक बिल्डरला वर्षातून एकही भेटत नसेल. फरशी कोणत्या रंगाची हे विचारणारे शंभर भेटतात.

हिशेब मांडून बघा

पुण्यात बांधकाम चालू असलेला ५० लाखांचा फ्लॅट ५० लाखांना मिळत नाही. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख, जीएसटी ५ टक्के म्हणजे अडीच लाख, नोंदणीचे ३० हजार. हे सव्वासहा लाखांच्या वर गेले, अजून पार्किंग आणि सोसायटीचा ठेवीचा आकडा बाकीच आहे. बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. रान आईचे गेले, हक्क आत्याने सोडला, तर फ्लॅटवर एका बाईचे नाव लागायला काय हरकत आहे? पूर्ण झालेला, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर जीएसटी लागत नाही. म्हणजे तयार घर थोडे महाग दिसते, पण ‘णार’ घरापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले तर हप्ता साधारण २६ हजार, आणि वीस वर्षांत बँकेला ६२ लाखांहून जास्त जातात. पोराची नोकरी वीस वर्षे टिकेल का, हा प्रश्न अपशकुनी नाही. तो बापाचा पहिला प्रश्न असायला पाहिजे.

आणि दुसऱ्या बाजूला रान. शेवटचा एकर विकणाऱ्यांनी एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐकावी. कर्नाटकाने २०२० मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून शेतकरी नसलेल्यालाही इथे शेतजमीन घेता येते. म्हणून तर बाहेरचे पैसेवाले गाड्या घेऊन तुमच्या बांधावर येतात. पण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावे लागता. इथला शेवटचा एकर गेला की शेतकरी असल्याचा पुरावा गेला, आणि उद्या उमरग्याला किंवा अक्कलकोटला दोन एकर घ्यायचे म्हटले तर तो दरवाजा बंद. पत्ता बदलण्याचेही तसेच. ३७१-जे कलमाखाली २०१३ पासून आपल्या भागातल्या स्थानिकांना शिक्षणात नि नोकरीत आरक्षण आहे, आणि ते जन्म, वास्तव्य नि आईबापाच्या स्थानिकत्वावर ठरते. महाराष्ट्रात अधिवासाला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना तिथल्या सरकारने सवलत दिली आहे. आपले गाव त्या यादीत आहे का, नातवंडांचा दाखला कुठून काढायचा, हे फ्लॅटच्या आधी ठरवा. नाही तर पोर ना इकडचे ना तिकडचे!

तरुण मंडळी म्हणतील, ‘आप्पा, तुम्ही थांबा म्हणता, तोवर भाव वाढतात.’ वाढतात, खरे आहे. पण दोन महिने थांबल्याने जे वाढते ते पैशात मोजता येते. न थांबल्याने जे जाते ते मोजता येत नाही. फ्लॅट आज हुकला तर उद्या दुसरा मिळतो, पुण्यात इमारतींचा दुष्काळ नाही. विकलेले रान परत आलेले कुणी बघितले आहे? काही जण म्हणतील, एवढे बघत बसले तर घर कधी होणारच नाही. ज्यांनी बघितले त्यांची झाली आहेत. आपल्याच भागातली कितीतरी कुटुंबे सोलापुरात, पुण्यात सुखाने राहतात, कारण त्यांच्यात एखादा चिकट माणूस होता, जो दहा वेळा विचारत राहिला आणि ज्याला सगळे हसले.

आता मंडळाला सांगणे. नुसता लेख लिहून माझे समाधान नाही. येत्या मेळाव्यात तीन गोष्टी ठरवाव्यात अशी माझी मागणी आहे. पहिली, पुणे, सोलापूर आणि कलबुर्गीत स्थायिक झालेल्या आपल्या माणसांची, त्यात वकील, इंजिनिअर, महापालिकेतले निवृत्त कारकून यांची, यादी करावी. गावाकडचा माणूस फ्लॅट बघायला आला की त्यांच्यातल्या एकाने सोबत जावे, आणि त्याने कुठल्याही बिल्डरकडून दलाली घेऊ नये. दुसरी, कराराची मुख्य कलमे मराठीत समजावून सांगण्याची बैठक महिन्यातून एकदा भरवावी. तिसरी, वधू-वर मेळाव्याच्या अर्जातला ‘स्वतःचा फ्लॅट’ हा रकाना काढून टाकावा. हा तिसरा ठराव मांडला की सभागृहात शांतता पसरेल, मला ठाऊक आहे. कुणीतरी पहिला हात वर करायला पाहिजे. माझी नात लग्नाची आहे. तिच्या अर्जात तो रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.

आणि मतांसाठी दारात येणाऱ्या दोन्ही राज्यांच्या पुढाऱ्यांना या वेळी झेंड्याचे विचारू नका. नाडकचेरीत आणि नोंदणी कार्यालयात आम्हाला समजेल अशा भाषेत कागद कधी मिळणार, एवढेच विचारा. उत्तर लेखी घ्या, आणि सही करून देण्याआधी वाचा!

अक्काने हक्कसोडीवर अंगठा दिला तेव्हा लिहिणाऱ्याने तो कागद तिला वाचून दाखवला नव्हता. मी शेजारीच बसलो होतो. मला वाचता येत होते.